मूठभर तांदळाची शाळा : के. कामराज यांचे शिक्षणकार्य

तामिळनाडूतील शाळांमध्ये दरवर्षी १५ जुलै हा दिवस शिक्षण विकास दिन म्हणून साजरा केला जातो. २००६ मध्ये राज्य सरकारने तसा निर्णय घेतला. हा दिवस ज्यांच्या जन्मदिनानिमित्त पाळला जातो, त्या कुमारस्वामी कामराज यांचे स्वतःचे शालेय शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपासच थांबले होते. काँग्रेसचे अध्यक्ष, दोन पंतप्रधानांच्या निवडीत निर्णायक भूमिका बजावणारे नेते आणि ‘कामराज योजने’चे जनक म्हणून देशाच्या राजकीय इतिहासात त्यांची नोंद आहे. तथापि तामिळनाडूच्या खेड्यापाड्यांत त्यांचे नाव आजही घेतले जाते ते प्रामुख्याने शाळांमुळे. या शाळा उभारताना आणि चालवताना त्यांनी सरकारी तिजोरीबरोबरच गावाच्या औदार्यावर जो विश्वास टाकला, त्याची मुळे त्यांच्या बालपणात सापडतात.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील विरुदुपट्टी या व्यापारी गावात झाला. हेच गाव पुढे विरुदुनगर या नावाने ओळखले जाऊ लागले. वडील कुमारस्वामी नाडार हे नारळाचे व्यापारी, आई शिवकामी अम्माळ. कुलदेवतेवरून मुलाचे नाव प्रथम कामाक्षी असे ठेवण्यात आले होते. आई त्याला लाडाने राजा म्हणत असे. या दोन नावांच्या मिलाफातून कामराज हे नाव तयार झाले, असे सांगितले जाते.

नाडार समाजाची त्या काळातील स्थिती लक्षात घेतल्याशिवाय कामराज यांच्या शाळेचे महत्त्व कळणार नाही. ताडाच्या झाडावर चढून नीरा काढणे आणि तिचा गूळ करणे हा या समाजातील मोठ्या वर्गाचा पिढीजात व्यवसाय होता. अनेक मंदिरांत त्यांना प्रवेश नव्हता. कमुदी येथील मंदिरप्रवेशाचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये तेथेही निकाल नाडारांच्या विरोधात लागला. शिवकाशीत १८९९ मध्ये भीषण दंगल झाली. अशा परिस्थितीत रामनाथपुरम भागातील व्यापारी नाडारांनी आपल्या वस्त्यांमध्ये ‘महिमै’ नावाची एक पद्धत रुजवली होती. व्यापाऱ्याने आपल्या मालाच्या उलाढालीवर ठराविक अंश समाजाच्या सामाईक निधीत जमा करायचा आणि त्या निधीतून विहिरी, धर्मशाळा, मंदिरे व शाळा यांचा खर्च भागवायचा, असे तिचे स्वरूप होते.

विरुदुपट्टीतील क्षत्रिय विद्याशाळा ही १९व्या शतकाच्या उत्तरार्धात याच सामूहिक निधीतून उभी राहिली. तिला आणखी एक आधार होता आणि तो घराघरातील स्त्रियांच्या हाती होता. दररोज स्वयंपाकासाठी तांदूळ मोजताना गृहिणीने त्यातील एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. ठराविक दिवसांनी शाळेचा माणूस येऊन ते तांदूळ घेऊन जाई आणि त्यांच्या विक्रीतून शाळेला पैसा मिळे. तमिळमध्ये या पद्धतीला ‘पिडी अरिसी’, म्हणजे मूठभर तांदूळ, असे म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या मुष्टिफंडाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवीन वाटणार नाही. शेकडो मैलांचे अंतर आणि भाषेची भिंत असूनही दोन समाजांना शाळा चालवण्यासाठी धान्याच्या मुठीचाच आधार सापडला. ज्या घरात रोकड नसते पण चूल पेटते, त्या घराकडून वर्गणी मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता, हेच त्याचे कारण असावे.

कामराज सुमारे सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. घराची घडी विस्कटली. आई शिवकामी यांनी अंगावरचे दागिने विकून आलेली रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर दोन मुलांचा संसार चालवला. आजी पार्वती अम्माळ यांचाही त्या घराला मोठा आधार होता. प्रारंभी गावातील पारंपरिक शाळेत गिरवलेल्या धड्यांनंतर कामराज क्षत्रिय विद्याशाळेत दाखल झाले. अभ्यासात त्यांनी विशेष चमक दाखवल्याचे कोणी सांगत नाही.

त्यांच्या शाळकरी वयातील एक आठवण मात्र चरित्रकार आवर्जून सांगतात. गणेश चतुर्थीनिमित्त शाळेत पूजा होती आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने सारखीच वर्गणी दिली होती. प्रसाद वाटताना मुलांची झुंबड उडाली. धटिंगण मुलांनी ओंजळी भरून घेतल्या. कामराज बाजूला उभे राहिले आणि शेवटी उरलेला चिमूटभर प्रसाद घेऊन घरी आले. आजीने विचारले तेव्हा, वर्गणी सर्वांनी सारखी दिली असताना वाटपही सारखेच व्हायला हवे होते, त्यासाठी धक्काबुक्की करणे आपल्याला मान्य नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. थोरांच्या बालपणीच्या कथांना पुढे पैलू पाडले जातात हे खरे. पण सर्वांकडून गोळा झालेल्या वस्तूवर सर्वांचा सारखा हक्क असतो, हा विचार पुढे मुख्यमंत्री कामराज यांच्या धोरणात स्पष्ट दिसतो, म्हणून ती आठवण येथे नोंदवावीशी वाटते.

घरच्या ओढाताणीमुळे सहावीच्या सुमारास शाळा सुटली. कामराज मामाच्या कापड दुकानात बसू लागले. गिऱ्हाइकांपेक्षा त्यांचे लक्ष बाहेरच्या सभा आणि मिरवणुकांकडे अधिक असे. १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडाने त्यांच्या मनाची दिशा निश्चित केली. मुलाला राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी घरच्यांनी त्यांना तिरुवनंतपुरम येथे दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत धाडले, तर तेथून त्यांनी वैकोमच्या सत्याग्रहात भाग घेतला. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहातही त्यांचा सहभाग होता. १९३० मध्ये राजगोपालाचारी यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात सामील झाल्याबद्दल त्यांना कारावास झाला. १९४२ मध्ये मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाहून परतताना पोलिसांची नजर चुकवून ते मध्येच गाडीतून उतरले, कार्यकर्त्यांना सूचना पोहोचवून आले आणि काम संपल्यावर स्वतःच पोलिसांच्या हवाली झाले. त्या वेळच्या सुमारे तीन वर्षांच्या स्थानबद्धतेतील काही काळ त्यांनी अमरावतीच्या तुरुंगात काढला. स्वातंत्र्यापूर्वी त्यांच्या आयुष्याची आठ वर्षांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली. शाळेत राहून गेलेले वाचन त्यांनी तेथे केले. इंग्रजी वृत्तपत्र वाचून समजण्याइतकी भाषाही त्यांनी तेथेच आत्मसात केली.

१९४० मध्ये कामराज तामिळनाडू प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९५४ पर्यंत ती धुरा त्यांच्याकडे राहिली. १३ एप्रिल १९५४ रोजी ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. या सत्तांतराचे कारणही शाळाच होते. राजगोपालाचारी सरकारने १९५३ मध्ये ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांसाठी एक सुधारित योजना लागू केली होती. तिच्यानुसार मुलांनी दिवसातील सुमारे तीन तास शाळेत शिकायचे आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवायचा होता. तेवढ्याच इमारतीत आणि तेवढ्याच शिक्षकांकडून दोन पाळ्यांत दुप्पट मुले शिकतील, असा त्यामागचा हिशेब होता. मात्र कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे आणि न्हाव्याच्या मुलाने न्हावीच, असा तिचा अर्थ लावला गेला. विरोधकांनी तिला कुलशिक्षण असे नाव दिले. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्यापासून काँग्रेसमधील अनेक आमदारांपर्यंत सर्वत्र असंतोष पसरला आणि अखेर राजगोपालाचारी पायउतार झाले.

कामराज यांनी सत्तेवर येताच महिनाभरात ती योजना मागे घेतली. त्यांचे मंत्रिमंडळ अवघ्या आठ जणांचे होते. नेतेपदाच्या निवडणुकीत आपल्याविरुद्ध उभे राहिलेल्या सी. सुब्रमण्यम यांच्याकडे त्यांनी अर्थ आणि शिक्षण ही दोन्ही खाती सोपवली. ही निवड राजकीय चातुर्याची म्हणून गौरवली जाते. पण शिक्षणाचा आराखडा आखणारा आणि पैशाला मंजुरी देणारा मंत्री एकच असल्याने पुढच्या कामाला किती वेग आला, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

योजना रद्द करणे सोपे होते. तिने ज्या अडचणीवर उपाय शोधला होता, ती अडचण तशीच राहिली. १९५१ च्या जनगणनेनुसार राज्यात दर पाच माणसांमागे जेमतेम एक साक्षर होता. हजारो वाड्यांजवळ शाळा नव्हती. जेथे शाळा होती तेथे छपराखाली फळा आणि शिक्षकाची खुर्ची यांपलीकडे फारसे काही नव्हते. बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडणे, वस्तीपासून जवळच्या अंतरावर प्राथमिक शाळा काढणे आणि बेकार सुशिक्षित तरुणांना शिक्षक म्हणून नेमणे ही कामे सरकारने हाती घेतली. एका शिक्षकाच्या शाळाही काढल्या गेल्या. पण शाळेचे दार उघडले म्हणून मूल आत येतेच असे नाही, हे कामराज यांना दौऱ्यांत दिसत होते.

या संदर्भात एक प्रसंग तामिळनाडूत घरोघरी सांगितला जातो. दौऱ्यावर असताना कामराज यांना वाटेत गुरे राखणारा एक मुलगा भेटला. शाळेत का जात नाहीस, असे त्यांनी विचारले. शाळेत गेल्यावर खायला कोण देणार, असा त्याचा प्रतिप्रश्न होता. प्रसंगाचे गाव आणि वर्ष यांविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. तथापि तो घडला नसता तरी मध्यान्ह भोजनाची कल्पना कामराज यांना सुचली असती, असे मानण्यास जागा आहे. सहावीत शाळा सोडून दुकानात बसलेल्या मुलाला वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नव्हती.

शाळेत भोजन देण्याचा प्रयोग मद्रास शहराला अगदीच नवा नव्हता. १९२० मध्ये जस्टिस पक्षाच्या ताब्यातील मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना अल्पोपाहार देण्यास सुरुवात केली होती आणि प्रत्येक मुलामागे दिवसाला एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये, अशी मर्यादा घातली होती. परंतु तो काही शाळांपुरता मर्यादित राहिला आणि सरकारी आडकाठीमुळे काही वर्षांतच खंडित झाला. संपूर्ण राज्यातील गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्याचा विचार मांडताच मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी खर्चाचा प्रश्न उपस्थित केला. पंचवार्षिक योजनेत त्यासाठी तरतूद नव्हती.

येथे न. डो. सुंदरवडिवेलू यांचे नाव घ्यावे लागते. कांचीपुरम परिसरातील खेड्यातून आलेले हे अधिकारी कामराज यांच्या काळात राज्याचे शिक्षण संचालक झाले आणि पुढे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. सरकारकडे पैसा नसेल तर गावाकडे तांदूळ आहे, या मुद्द्यावर मुख्यमंत्री आणि संचालक यांचे एकमत झाले. सरकारी आदेशाची वाट न पाहता १९५५-५६ च्या सुमारास काही गावांतून लोकवर्गणीवर भोजन सुरू करण्यात आले. महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे जन्मगाव असलेल्या एट्टयपुरम येथील प्रारंभाच्या समारंभास कामराज स्वतः उपस्थित होते. या कामासाठी आपण गावोगाव भिक्षा मागण्यासही तयार आहोत, असे त्यांनी तेथे जाहीर केल्याचे सांगितले जाते. एखाद्या राज्याच्या मुख्यमंत्र्याने भिक्षेची भाषा करावी हे अनेकांना विचित्र वाटले असेल. विरुदुपट्टीच्या विद्याशाळेत शिकलेल्या माणसाला त्यात काही कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

गावांनी प्रतिसाद दिला. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांनी खळ्यावरूनच धान्य काढून दिले. कोणी भाजी, कोणी सरपण, कोणी स्वयंपाकाची भांडी दिली. काही ठिकाणी घराघरांत मुठीचे मडके ठेवले गेले. भात आणि सांबार असे साधे जेवण शाळेच्या आवारात शिजू लागले. जातीभेदाचा कडक पगडा असलेल्या त्या खेड्यांत वेगवेगळ्या घरच्या तांदळाचा भात एकाच भांड्यात शिजणे आणि मुलांनी एका पंगतीत बसून तो खाणे, ही लहान गोष्ट नव्हती.

प्रयोग टिकतो आहे असे दिसल्यावर १९५७ च्या अखेरीस सरकारने खर्चाचा वाटा उचलला. एका मुलाच्या एका जेवणाचा खर्च १० नवे पैसे धरण्यात आला. त्यातील ६ पैसे सरकारने आणि ४ पैसे स्थानिक लोकांनी द्यायचे, असे ठरले. शाळेच्या कामाचे सुमारे २०० दिवस हे जेवण द्यावयाचे होते. १९६१ पासून केअर या अमेरिकन संस्थेकडून दुधाची भुकटी, तेल आणि मक्याचे पीठ यांची मदत मिळू लागली.

जेवणाच्या निमित्ताने गाव शाळेच्या आवारात आले आणि त्याला शाळेची दैन्यावस्था दिसली. यातूनच सुंदरवडिवेलू यांनी १९५८ मध्ये शाळा सुधारणा परिषदांची चळवळ सुरू केली. पहिली परिषद चेंगलपट्टू जिल्ह्यात भरली. या परिषदांची पद्धत पाहण्याजोगी होती. प्रथम शिक्षक आणि गावकरी मिळून आपल्या शाळेला काय हवे याची यादी करीत. भिंतीला पांढरा रंग, फळा, नकाशे, पृथ्वीचा गोल, घड्याळ, बाके, पिण्याच्या पाण्याचे पिंप, कुंपण, खेळाचे साहित्य अशा वस्तूंपासून नवी खोली किंवा मैदानासाठी जमीन येथपर्यंत ती यादी जाई. प्रत्येक वस्तूची किंमत काढली जाई. मग गावातील कोण काय देऊ शकेल हे विचारले जाई. ज्याच्याकडे पैसा नसेल तो सुतारकाम, गवंडीकाम किंवा अंगमेहनत देई. आसपासच्या अनेक शाळांची तयारी झाली की परिषद भरे. मिळालेल्या वस्तू आणि दात्यांची नावे तेथे सर्वांसमोर मांडली जात. मुख्यमंत्री किंवा एखादे मंत्री येत आणि गावाचे आभार मानत.

या परिषदांना जत्रेचे स्वरूप येई. वाद्ये, मिरवणुका आणि कमानी असत. टीकाकारांनी त्याची थट्टाही केली. पण त्यात एक मर्म होते. मंदिराला दिलेल्या देणगीचे नाव दगडावर कोरले जाते, तशी प्रतिष्ठा त्या मंडपात शाळेच्या फळ्याला आणि घड्याळाला मिळाली. दान देण्याची सवय खेड्यांत होतीच. तिचा ओघ शाळेकडे वळवण्याचे काम या परिषदांनी केले. कामराज अशा समारंभांना आवडीने जात, थोडक्यात आणि बोली तमिळमध्ये बोलत आणि श्रोत्यांत मुले व बायका किती आहेत याकडे त्यांचे लक्ष असे. १९६० च्या सुमारास याच मार्गाने गरीब विद्यार्थ्यांना गणवेश देण्याची योजनाही पुढे आली. कपड्यावरून कोण कोणत्या घरचा हे ओळखू येऊ नये, हा तिचा हेतू होता. त्याच वर्षी गरीब कुटुंबांतील मुलांसाठी शालान्त परीक्षेपर्यंतच्या शिक्षणाची फी माफ करण्यात आली.

भारत सरकारने १९६४ मध्ये नेमलेल्या कोठारी आयोगाने मद्रास राज्याच्या या प्रयोगाची दखल घेतली. आयोगाचे सदस्य सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतलेल्या नाईक यांना लोकसहभागातून चालणाऱ्या शिक्षणाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नव्हते.

या कार्याची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. लोकवर्गणीवर आधारलेल्या कोणत्याही व्यवस्थेत सधन गावाच्या शाळेला घड्याळ मिळते आणि कोरडवाहू गावाची शाळा मागे राहते. जेवणातील स्थानिकांचा ४ पैशांचा वाटा दुष्काळाच्या वर्षी गोळा होणे अवघड जाई. मग ते गोळा करण्याचे काम शिक्षकाच्या गळ्यात पडे आणि शिकवण्याचा वेळ दारोदार फिरण्यात जाई. वरिष्ठांनी उद्दिष्ट ठरवून दिले की ऐच्छिक देणगीला सक्तीचा वास येऊ लागतो, हा अनुभव सर्वत्र आहे आणि मद्रास राज्यही त्याला अपवाद नसणार. पुढे स्थापन झालेल्या पंचायत संघांनी प्राथमिक शाळांचा कारभार हाती घेतल्यावर स्थानिक वाट्याचा बराच भार सार्वजनिक निधीकडे गेला. सरकारने आपले कर्तव्य गावावर ढकलले, असा आक्षेपही घेतला जातो. तथापि कामराज यांच्या काळात शिक्षणावरील सरकारी खर्च कमी झाला नाही, उलट वाढला. गावाची मूठ सरकारच्या हाताच्या जागी नव्हती, ती त्याच्या सोबतीला होती. हा फरक पुढच्या काळात लोकसहभागाचे नाव घेणाऱ्या सर्वच सरकारांनी पाळला, असे म्हणता येणार नाही.

मुख्यमंत्रिपदाची साडेनऊ वर्षे पूर्ण होत असताना कामराज यांनी ज्येष्ठ नेत्यांनी सत्ता सोडून पक्षकार्य करावे अशी सूचना मांडली आणि २ ऑक्टोबर १९६३ रोजी स्वतःपासून तिची अंमलबजावणी केली. त्यानंतर ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पंडित नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि शास्त्रीजींच्या निधनानंतर १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्या दोन्ही वेळी कामराज यांचा शब्द निर्णायक ठरला. हा काळ सर्वज्ञात आहे. १९६७ च्या निवडणुकीत द्रविड मुन्नेत्र कळघमच्या लाटेत त्यांचा त्यांच्याच विरुदुनगरमध्ये पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याने पराभव केला. या पराभवात एक विलक्षण योगायोग आहे. भाषेच्या प्रश्नावर पेटून उठलेली, वृत्तपत्रे वाचणारी आणि सभा गाजवणारी ती तरुण पिढी कामराज यांच्याच काळात शाळेत गेली होती. पराभवाबद्दल त्यांनी मतदारांना दोष दिल्याचे ऐकिवात नाही. १९६९ मध्ये नागरकोविल येथून ते लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली आणि ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले.

कामराज आजन्म अविवाहित राहिले. मुख्यमंत्री असताना आई विरुदुनगरच्या जुन्या घरातच राहत होती आणि तिला ते दरमहा मोजकीच रक्कम पाठवीत. नगरपालिकेने तिच्या सोयीसाठी घरापर्यंत खास नळ दिला, तेव्हा तो काढून टाकण्यास त्यांनी सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. मागे उरले ते काही कपडे, पुस्तके आणि शंभर-सव्वाशे रुपये, असे सांगितले जाते. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला.

शाळेतील जेवणाची योजना मात्र त्यांच्यानंतर वाढत गेली. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून तिला मोठे रूप दिले आणि खर्चाची जबाबदारी सरकारने घेतली. केंद्र सरकारने १९९५ मध्ये देशव्यापी पोषण आहार कार्यक्रम सुरू केला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. तामिळनाडूमध्ये २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी सकाळच्या न्याहारीचीही योजना आली. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारने माजी विद्यार्थी, परदेशस्थ तमिळ आणि उद्योग यांच्याकडून सरकारी शाळांसाठी देणग्या स्वीकारण्याकरिता एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. आता देणगी संगणकावरून थेट शाळेच्या नावे देता येते आणि तिचा विनियोग दात्याला पाहता येतो.

विरुदुनगरमधील कामराज यांचे छोटेसे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. मुठीच्या तांदळावर उभी राहिलेली क्षत्रिय विद्याशाळाही त्याच गावात अद्याप भरते.